निविदा उघडण्यापूर्वीचे प्रश्न

घराचा जिना दुरुस्त करायचा असला तरी आपण दोन-तीन गवंड्यांकडे भाव विचारतो. सर्वांत स्वस्त गवंडी घ्यावा, तर तो सिमेंटात हात आखडेल ही धास्ती. महाग घ्यावा, तर खिशाला चाट. शहराच्या पोटातून रेल्वे न्यायची असते तेव्हाही पेच हाच असतो. फक्त रक्कम हजारो कोटींची असते आणि भाव सांगणारे देशोदेशींहून येतात.

आपल्या मुंबईतली मेट्रो-3 घ्या. कुलाब्याचे कफ परेड ते सीप्झ-आरे हा साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग. स्थानके 27, त्यांपैकी 26 जमिनीखाली. केंद्र सरकारने 2013 मध्ये प्रकल्प मंजूर केला, तेव्हा खर्चाचा अंदाज 23,136 कोटी रुपये होता. त्यातला निम्म्याहून अधिक पैसा जपानच्या ‘जायका’ या संस्थेच्या अल्प व्याजाच्या, दीर्घ मुदतीच्या कर्जातून यायचा होता.

कर्ज जपानचे, म्हणजे काम जपानी कंपन्यांचे, असे अनेकांना वाटते. काही कर्जांना तशी अट असतेही. पण इथे भुयारी कामाचे सात भाग पाडून खुली स्पर्धा झाली आणि 2016 मध्ये जवळपास 18 हजार कोटींची कामे दिली गेली. लार्सन अँड टुब्रोबरोबर शांघायची कंपनी, हिंदुस्तान कन्स्ट्रक्शनबरोबर मॉस्कोची, सोमाबरोबर तुर्कस्तानची, जे. कुमारबरोबर चीनची आणि टाटा प्रोजेक्ट्स व आयटीडी सिमेंटेशनबरोबर तैवानची, अशा जोड्या जमल्या. या यादीत जपानी कंपनी एकही नाही!

या जोड्या का जमतात? निविदेची पहिली अट अनुभवाची असते. दाट वस्तीखालून असे भुयार पूर्वी खणले आहे का, हे आधी पाहतात. परदेशी कंपनीकडे तो अनुभव असतो. इथले मजूर, परवाने आणि रस्ते देशी कंपनीला ठाऊक असतात. निविदा दोन लिफाफ्यांत येते. पहिल्यात तांत्रिक तयारी, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो उतरला नाही, त्याचा दुसरा लिफाफा उघडतच नाहीत.

सात भाग करण्यामागेही हिशेब असतो. एवढे काम एकाच कंपनीला पेलणे कठीण. शिवाय एक अडला, तरी बाकीचे चालू राहतात. मेट्रो-3 साठी 17 भुयारी यंत्रे कामाला लागली, ती यामुळेच.

मात्र दर भरताना ठेकेदारापुढे खरा प्रश्न असतो तो जोखमीचा. गिरगाव-काळबादेवीच्या जुन्या इमारतींखाली किंवा मिठी नदीखाली खडक कसा निघेल, हे ठिकठिकाणी भोके पाडून तपासतात. तरी खात्री पुरती होत नाही. वेगळाच खडक लागला तर भुर्दंड कोणाचा, हे करारात स्पष्ट नसेल, तर शहाणा ठेकेदार त्या भीतीचे पैसे दरात आधीच धरतो आणि धाडसी ठेकेदार कमी दर भरून पुढे लवादात भांडतो. दोन्हींत पैसा आपलाच.

आता पुढचा हिशेब पाहा. भुयारांचे खोदकाम नोव्हेंबर 2022 मध्ये संपले. दरम्यान आरेतल्या कारशेडचे काम 2019 च्या अखेरीस थांबले होते, जागा बदलायचे ठरले, न्यायालयीन लढे झाले, मग 2022 मध्ये शेड पुन्हा आरेत आली. मध्ये कोरोनाही येऊन गेला. आरे ते बीकेसी गाडी धावली ऑक्टोबर 2024 मध्ये आणि कफ परेडपर्यंत पोहोचली ऑक्टोबर 2025 मध्ये. एकूण खर्च 37 हजार कोटींच्या पुढे गेला. या वाढीची कारणे अनेक असली, तरी उशीर हे त्यातले मोठे कारण.

आरेच्या झाडांचा प्रश्न विचारणाऱ्यांचे चुकले, असे मी म्हणत नाही. तो प्रश्न महत्त्वाचाच होता. पण त्याचे उत्तर निविदा उघडण्यापूर्वी मिळायला हवे होते. गवंडी दारात उभा असताना जिना कुठून न्यायचा यावर घरात वाद सुरू झाला, तर मजुरी चढतच राहते.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या मेट्रोचे कंत्राट कोणाला मिळाले हे वाचाल, तेव्हा दर किती एवढ्यावरच थांबू नका. जमीन ताब्यात आहे का, डेपोची जागा पक्की झाली आहे का, तेही विचारा.