दोषाचे घर कोणते?

ज्या सॉफ्टवेअरवर शेकडो माणसे एकाच वेळी काम करीत असतात, त्यात दोष निघणे अपरिहार्यच आहे. परंतु निघालेला दोष कोणाच्या दप्तरी दाखल व्हावा, हे ज्यांनी आरंभीच ठरविलेले नसते, त्यांचा काळ दोष दुरुस्त करण्यापेक्षा त्याचा धनी शोधण्यातच अधिक खर्ची पडतो. या प्रश्नाचा विचारपूर्वक केलेला उलगडा पाहावयाचा असेल, तर फायरफॉक्स हा ब्राउझर घडविणाऱ्या मोझिलाची ‘बगझिला’ ही नोंदवही अवश्य अभ्यासावी. टेरी वाइसमन यांनी १९९८ साली नेटस्केपमधील जुन्या व्यवस्थेच्या जागी ती सिद्ध केली.

या नोंदवहीत ‘प्रॉडक्ट’ हे मुख्य खाते आणि ‘कंपोनंट’ हे त्याचे पोटखाते. मोझिलात बहुतेक पोटखात्यांवर एकेक ‘ट्रियाज ओनर’ मुक्रर केलेला असतो, आणि आलेली प्रत्येक नवी नोंद वाचून तिची निकड ठरविण्याची जबाबदारी त्याच्या शिरावर असते.

समजा, फायरफॉक्समध्ये एखादे मराठी वर्तमानपत्र वाचताना जोडाक्षरे फुटू लागली आणि ‘क्ष’च्या जागी पाय मोडलेला ‘क्’ व सुटा ‘ष’ दिसू लागला. वाचक आपली तक्रार साहजिकच ‘फायरफॉक्स’ या खात्यात दाखल करील, कारण त्याच्या नजरेसमोर तेच नाव असते. परंतु अक्षरे पडद्यावर रेखाटण्याचे काम गेको या इंजिनाकडे असून, तेच इंजिन थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रामही वापरीत असल्यामुळे, त्याचे दोष ‘कोअर’ नावाच्या स्वतंत्र खात्यात जमा होतात. उलट, मेनूतील एखादा मराठी शब्दच चुकलेला असेल, तर ती नोंद स्थानिकीकरणाच्या खात्यातील मराठीच्या पोटखात्यात गेली पाहिजे. दोन्ही दोष दिसतात एकाच खिडकीत, पण ते निस्तरणारे हात वेगळे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, ही उतरंड कचेरीतील हुद्द्यांवरून किंवा चमूंच्या नावांवरून कधीही रचू नये. चमू फुटतात, त्यांची नावे बदलतात, आणि मग जुन्या नोंदी बेवारस होतात. ती प्रोग्रामच्या घटकांवरूनच रचावी.

अर्थात, इतकी पारख सामान्य तक्रारदाराकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. यासाठी फायरफॉक्सच्या खात्यात ‘अनट्रियाज्ड’ हे पोटखाते राखलेले आहे. तेथे आलेली नोंद जाणकार वाचतात आणि योग्य ठिकाणी वर्ग करतात. खाते बदलले तरी नोंदीचा क्रमांक तोच राहतो, त्यामुळे मागचा पत्रव्यवहार अखंड टिकतो. या सोयीचे मोल, जुना क्रमांक हाती धरून उत्तराची वाट पाहणाऱ्या तक्रारदारालाच कळेल.

काही कामे मात्र या उतरंडीला आडवी छेदून जातात. एक दोष सुटल्याशिवाय दुसरा हाती घेता येत नाही, आणि ते दोन्ही भिन्न खात्यांत असतात. अशा नोंदी ‘डिपेन्ड्स ऑन’ आणि ‘ब्लॉक्स’ या रकान्यांनी परस्परांशी बांधता येतात. मग ‘कोअर’मधील नोंद निकाली निघाली की, तिच्यावर अडलेल्या नोंदीशी संबंधित मंडळींस, ती कोणत्याही खात्यातील असोत, ईमेलने तशी वर्दी जाते आणि त्यांचे खोळंबलेले काम पुढे सरकते.