औषध पोराला, आणि पाण्याला?

कसारा घाटाच्या आजूबाजूला डोंगरात कितीतरी पाडे आहेत. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशी आपली मंडळी तिथं राहतात. पावसाळ्यात इथं धो धो पाऊस पडतो. पण इथला काळा कातळ पाणी फारसं धरून ठेवत नाही. ते ओढ्यांनी खाली निघून जातं. खाली तानसा, भातसा ही धरणं भरतात. त्यांचं पाणी मुंबईला जातं. वर पाड्यावर मात्र होळी झाली की विहीर तळाला जाते. मग बाया ओढ्याच्या पात्रात झिरा खणतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. त्याच झिऱ्यावर गुरंही येतात.

पहिला पाऊस पडला की काय होतं? उघड्यावरची घाण वाहत येते आणि विहिरीत, झिऱ्यात उतरते. पाणी निवळ दिसलं, तरी हगवणीचे, काविळीचे, विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

समजा, एका पोराला जुलाब लागले. आईनं त्याला कसाऱ्याच्या आरोग्य केंद्रात नेलं. औषध मिळालं, पोर बरं झालं. घरी येऊन ते पुन्हा त्याच झिऱ्याचं पाणी प्यालं. पंधरा दिवसांत पुन्हा आजारी! डॉक्टर चुकला का? नाही. आई चुकली का? तीही नाही. औषध पोराला दिलं, पाण्याला कुणी दिलं नाही.

अशीच गोष्ट दूर ऑस्ट्रेलिया देशात घडत होती. तिथल्या आदिवासी वस्त्यांत मुलांचे डोळे आणि कातडी सारखी बिघडत. १९८७ साली तिथल्या जाणकारांनी सांगितलं, की आधी मुलांना रोज अंघोळ घालता आली पाहिजे. त्यासाठी घरातला नळ आणि मोरी धड पाहिजे. मग न्यू साउथ वेल्स प्रांतात घरोघर नळ, मोऱ्या, संडास दुरुस्त केले. १९९८ ते २००८ या दहा वर्षांचा हिशेब पाहिला. दुरुस्त घरांतल्या लोकांना साथीच्या आजारांसाठी इस्पितळात जावं लागण्याचं प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा ४० टक्के कमी होतं.

आपण काय करावं? विहिरीला कठडा असावा. तिच्याजवळ धुणं धुऊ नये, गुरं आणू नयेत. विहिरीत टीसीएल पावडर टाकणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. ती टाकली का, ते विचारावं. टाकल्यावर तासभर थांबून पाणी भरावं. झिऱ्याचं पाणी गाळून, उकळून प्यावं. हंड्यात हात बुडवू नये, लांब दांड्याचं ओगराळं वापरावं. जेवण्याआधी आणि शौचाहून आल्यावर साबणानं हात धुवावेत.

जुलाब लागलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडंथोडं पाजावं, आणि दवाखाना गाठावा.

आणखी एक सांगतो. दोन-तीन घरी जुलाब लागले, तर आशाताईला नुसती आजाऱ्यांची नावं सांगू नयेत. ती माणसं कुठलं पाणी पितात, तेही सांगावं. ग्रामसभेत विहिरीची मागणी करतानाही हेच मांडावं, की आम्ही हे पोरांच्या जिवासाठी मागतो आहोत.