तीनशे मिलिसेकंदांची परीक्षा

संपादकांना साताऱ्याच्या वाऱ्यावर लेख हवा होता, म्हणून वनकुसवडेचे पठार गाठले. पाटण तालुक्यातले हे पठार कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या वर, हजार मीटरहून उंच. गेल्या शतकाच्या अखेरीपासून इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि डोंगरमाथ्याचे रूपच पालटले. इतिहास एवढा पुरे. मी गुंतलो तो पवनचक्की आणि ग्रिड यांच्या अवघड संसारात.

जुन्या पिढीच्या पवनचक्कीत साधा इंडक्शन जनरेटर असतो. चार ध्रुवांचा असा जनरेटर ५० हर्ट्झच्या ग्रिडवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या किंचित वर फिरला की वीज देऊ लागतो. मात्र त्याच्या चुंबकत्वाला लागणारी रिअॅक्टिव्ह पॉवर तो ग्रिडकडूनच घेतो. तो भार हलका करायला कॅपॅसिटर जोडतात. कुठे लाइनवर शॉर्टसर्किट होऊन व्होल्टेज कोसळले की जनरेटरची पकड सुटते, वारा मात्र ढकलतच राहतो आणि वेग वाढतो. व्होल्टेज सावरू लागले की हेच यंत्र जास्त रिअॅक्टिव्ह पॉवर ओढून त्याला पुन्हा खाली खेचते. म्हणून जुना रिवाज सोपा होता: बिघाड दिसला की ट्रिप व्हायचे, म्हणजे ग्रिडपासून तुटायचे. घरात आजारपण आले की गाशा गुंडाळणाऱ्या पाहुण्यासारखे.

पवनचक्क्या मोजक्या होत्या तोवर हे खपले. त्या वाढल्यावर मात्र केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१३ मध्ये नियम कडक केले. ६६ केव्ही व त्यावरच्या ग्रिडला जोडलेल्या नव्या पवनचक्क्यांनी, व्होल्टेज १५ टक्क्यांवर घसरले तरी, ३०० मिलिसेकंद जागा सोडायची नाही. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ.

तो निभावणारा ‘क्रोबार’ मला सर्वांत विलक्षण वाटला. नव्या पद्धतीच्या अनेक यंत्रांत स्टेटर, म्हणजे जनरेटरचा स्थिर भाग, थेट ग्रिडला आणि रोटर, म्हणजे फिरता भाग, कन्व्हर्टरमधून जोडलेला असतो. हा कन्व्हर्टर यंत्राच्या क्षमतेच्या साधारण एक-तृतीयांश, म्हणून स्वस्त आणि म्हणूनच नाजूक. बिघाडात रोटरमध्ये प्रवाहाचा लोंढा आला की क्रोबार रोटरला रोधकांवर शॉर्ट करतो आणि कन्व्हर्टर वाचतो. पण तेवढ्या काळापुरते हे आधुनिक यंत्र पुन्हा जुन्या इंडक्शन जनरेटरसारखे वागते, ग्रिडकडे हात पसरते. क्रोबार लागायला उशीर झाला तर कन्व्हर्टर जळतो; निघायला उशीर झाला तर ग्रिडचे हाल.

आणि एवढे साधूनही भागत नाही. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळाने वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. दोन मिनिटांत व्होल्टेज सहा वेळा कोसळले. पवनचक्क्यांनी सुरुवातीचे धक्के सोसले. पण ठरावीक काळात इतकेच धक्के सोसायचे, अशी मर्यादा अनेकींच्या नियंत्रण-प्रणालीत घातलेली होती. ती संपताच सात सेकंदांच्या आत नऊ प्रकल्पांचे ४५६ मेगावॉट घटले. तो भार व्हिक्टोरियाला जोडणाऱ्या वाहिनीवर पडला, तीही तुटली आणि अख्खे राज्य अंधारात गेले. ही मर्यादा ग्रिड चालवणाऱ्या संस्थेला ठाऊकच नव्हती. नंतर सेटिंग बदलून ती वाढवण्यात आली. यंत्रे तीच राहिली.

आपल्या देशातल्या जुन्या, लहान पवनचक्क्यांच्या जागी मोठ्या उभारण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये धोरण आणले. आपल्या पठारावर नवे यंत्र येईल तेव्हा किती मेगावॉट एवढेच विचारू नका. लागोपाठ किती धक्के सोसेल, आणि तो आकडा ग्रिड सांभाळणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवला आहे का, हेही विचारा.