पातीचा कांदा: धानाची सवय वाडीत नको

गोंदिया हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. बांधीत पाणी धरून पीक काढण्यात इथला शेतकरी तरबेज. पण घरामागच्या वाडीत कांदा लावताना हीच सवय आडवी येते, आणि 'आमच्या मातीत कांदा होत नाही' असं ठरून जातं. तो होतो, छान होतो. काही समज तेवढे सोडावे लागतात.

गैरसमज: भरपूर पाणी दिलं की पात वाढते.
वस्तुस्थिती: कांद्याची मुळं उथळ असतात, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच. त्याला पाणी थोडं पण वरचेवर लागतं. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पात पिवळी दिसली की आणखी पाणी घालण्याआधी एक रोप उपटून बघा. मुळं पांढरी, ताठ असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत निघाली तर पाणी जास्त झालंय. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, 15 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा. बांधीतली चिकट माती असेल तर कुजलेलं शेणखत आणि थोडी रेती मिसळा.

गैरसमज: मोड आलेला कांदा विषारी असतो.
वस्तुस्थिती: हिरव्या पडलेल्या बटाट्यात सोलानिन वाढतं; कांद्यात ते नसतं. सडका, बुरशी आलेला कांदा टाकून द्या. टणक असेल तो मान मातीबाहेर ठेवून लावा. साधारण महिनाभरात पात कापायला येते. मात्र हा कांदा पुन्हा पोसेल अशी आशा नको. कांदा द्विवर्षायू आहे: पहिल्या हंगामात गड्डा, दुसऱ्यात फुलाचा दांडा.

गैरसमज: जुनं बीही चालतं.
वस्तुस्थिती: घरात साध्या पुडीत ठेवलेल्या कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरातच फार घटते. बी दरवर्षी ताजं घ्या.

गैरसमज: युरियाने पात जोमदार होते.
वस्तुस्थिती: जास्त नत्राने पात लुसलुशीत होते आणि फुलकिडे, करपा यांना लवकर बळी पडते. पातीवर पांढुरके चट्टे दिसले तर पानांच्या बेचक्यात बघा. फुलकिडे तिथेच दडतात.

गैरसमज: सत्त्व पांढऱ्या कांद्यात, पात नुसती शोभेची.
वस्तुस्थिती: शरीरात ज्याचं अ जीवनसत्त्व होतं ते बीटा-कॅरोटीन हिरव्या पातीत असतं, पांढऱ्या गड्ड्यात जवळजवळ नसतंच. बेसन पेरून भाजी कराल तेव्हा हिरवा भाग शेंड्यापर्यंत घ्या. कापताना बुडाशी दोन बोटं भाग राखलात, तर त्याच रोपाची पात आणखी एक-दोनदा मिळेल.