बरगड्यांच्या आतली विद्या

1928 मध्ये अमेरिकेतल्या ॲन आर्बर इथे, मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयात, जॉन अलेक्झांडर या सर्जनने एक नवी रीत पाडली. जनरल सर्जरी शिकून झालेल्या डॉक्टरला पुढे केवळ छातीच्या शस्त्रक्रिया शिकण्यासाठी रेसिडेंट म्हणून ठेवून घ्यायचं. छातीच्या सर्जनसाठी रीतसर आखलेलं त्या देशातलं हे पहिलं पदव्युत्तर शिक्षण. अलेक्झांडर यांना स्वतःला क्षय झालेला होता. आजारपणात अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी फुप्फुसाच्या क्षयावरील शस्त्रक्रियांचा ग्रंथ लिहिला आणि तो 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1936 मध्ये त्यांनी छातीचा सर्जन कसा घडवावा, यावर स्वतंत्र लेखही लिहिला.

आपल्या रुग्णालयांच्या पाट्यांवर आज ‘सीव्हीटीएस’ ही अक्षरं दिसतात. हृदय, रक्तवाहिन्या आणि छाती यांची ही एकत्र शाखा. लोकांच्या लेखी ती बायपासची शाखा असते, पण तिचा जन्म क्षयाच्या खाटेशेजारी झाला. हृदयाची शस्त्रक्रिया त्या घरात नंतर आली. हा क्रम नीट ध्यानात घेतला नाही, तर हृदय आणि छातीचं शिक्षण एकत्र का असावं आणि आज त्यात काय बिघडलंय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं चुकतात.

छाती हा शरीराचा असा कप्पा आहे की तो नुसता उघडला तरी माणसाच्या जिवावर बेततं. फुप्फुसाभोवतीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणूनच ते फुगलेलं राहतं. बरगड्यांमधून आत शिरलं की बाहेरची हवा आत घुसते आणि फुप्फुस मिटतं. 1904 मध्ये ब्रेस्लाऊ इथे फर्डिनांड सावरब्रुख यांनी यावर एक अजब उपाय दाखवला. त्यांनी हवाबंद खोली केली आणि आतला दाब कमी केला. रुग्णाचं धड आणि सर्जन खोलीत, रुग्णाचं डोकं मात्र भिंतीतल्या भोकातून बाहेर, मानेभोवती घट्ट पट्टी. पुढे श्वासनलिकेत नळी घालून दाबाने हवा देण्याची सोपी पद्धत रुळली आणि ती खोली मागे पडली. पण छातीत शिरायचं तर श्वासाचं शास्त्र वेगळं शिकावं लागतं, हे तिथपासून पक्कं झालं. पोटाच्या सर्जनने हौसेने छाती उघडावी, असा हा मामला नव्हता.

त्या काळी छातीच्या सर्जनकडे मुख्य काम क्षयाचं. औषध नव्हतं. फुप्फुसात पडलेली पोकळी मिटवायची तर वरच्या बरगड्या काढून छातीची भिंत आत बसवायची, म्हणजे रोगट भागाला विश्रांती मिळेल. रुग्णाला झेपावं म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करत. जगला तरी खांदा कायमचा वाकडा. मग 1933 मध्ये सेंट लुईसमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एक अख्खं फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढलं. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो ग्रॅहॅम यांच्यानंतरही जगला. ग्रॅहॅम 1957 मध्ये गेले, तेही फुप्फुसाच्याच कर्करोगाने.

हृदयाकडे वळणारे हात बहुतेक याच मंडळींचे होते. लंडनच्या रसेल ब्रॉक यांचं नाव 1948 मध्ये हृदयाच्या आखडलेल्या झडपा उघडण्यासाठी झालं, पण त्याआधी दोनच वर्षं त्यांचा ग्रंथ आला होता तो श्वासनलिकांच्या शाखांच्या रचनेवर. बॉस्टनचे ड्वाइट हार्केन यांनी दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या छातीतून, थेट हृदयातूनही, गोळ्यांचे तुकडे काढले. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांनी 6 मे 1953 रोजी आपलं हृदय-फुप्फुस यंत्र वापरून एका तरुण मुलीच्या हृदयातलं भोक बंद केलं. या यंत्राच्या जनकाने पुढे जो मोठा पाठ्यग्रंथ संपादित केला, त्याचा विषय होता छातीची शस्त्रक्रिया. म्हणजे 1948 मध्ये अमेरिकेत थोरॅसिक सर्जरीचं परीक्षा-मंडळ स्थापन झालं, तेव्हा हृदय आणि छाती एकत्र ठेवायला कुणाला वाद घालावा लागला नाही. माणसं तीच होती.

आपल्याकडे हीच वाट वेल्लोरमधून आली. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रीव्ह बेट्स या अमेरिकन सर्जनने 1949 मध्ये छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. बेट्स यांचं मोठेपण मी त्यांच्या शस्त्रक्रियांपेक्षा शिष्यांमध्ये मानतो. त्यांच्या हाताखाली काम केलेले एन. गोपीनाथ हे भारतात हृदय उघडून शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या सर्जनांपैकी. गोपीनाथ पुढे दिल्लीच्या एम्समध्ये गेले. तिथे त्यांच्याकडे शिकलेल्या पी. वेणुगोपाल यांनी 3 ऑगस्ट 1994 रोजी भारतातलं पहिलं यशस्वी हृदयारोपण केलं. छातीच्या क्षयापासून हृदयारोपणापर्यंतचं अंतर गुरुशिष्यांच्या तीन पिढ्यांत कापलं गेलं. एका चांगल्या विभागाने काय साधतं, याचा यापेक्षा ठळक दाखला मला ठाऊक नाही.

मुंबईत हे काम परळच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन यांनी केलं. 16 फेब्रुवारी 1968 रोजी, म्हणजे ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाऊनमध्ये केलेल्या जगातल्या पहिल्या हृदयारोपणाला तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, सेन यांनी महापालिकेच्या या रुग्णालयात हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्यांच्याबरोबर गजानन परुळकर, शरद पांडे अशी पुढे नावारूपाला आलेली माणसं होती. पण त्या एका रात्रीमुळे सेन यांचं रोजचं काम झाकोळतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते आणि त्यांचे सहकारी जे करत होते, त्यात गरिबाघरच्या संधिवाती हृदयरोगाचा वाटा फार मोठा.

त्यातली झडपेची शस्त्रक्रिया जवळून पाहण्यासारखी आहे. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात आणि काही वर्षांनी हृदयाची माइट्रल झडप चिकटून आखडते. पंचविशीतल्या बाईला जिना चढवत नाही, रात्री उशाला दोन-तीन उशा लागतात. तिला उजव्या कुशीवर निजवायचं, डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची, फुप्फुस हळूच बाजूला सारायचं. समोर हृदयाची डावी बाजू दिसते. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा असतो. त्याभोवती टाका घालून ठेवायचा, छोटा छेद घ्यायचा आणि तर्जनी आत घालायची. हृदय धडधडतच असतं. बोटाच्या टोकाला झडपेची फट लागते आणि चिकटलेल्या कडा नुसत्या दाबाने सुटतात. नाही सुटल्या तर हृदयाच्या टोकाकडून एक उघडझाप करणारं अवजार वर सरकवायचं आणि त्याला वाट दाखवायची ती आतल्या बोटानेच. काही दिसत नाही, सगळं स्पर्शावर. यंत्र नाही, मोठा खर्च नाही. देशभर अशा असंख्य शस्त्रक्रिया झाल्या, त्या पुढे फुग्याने झडप रुंदावण्याचं तंत्र येईपर्यंत.

यातला छेद कुठला, ते पाहा. बरगड्यांमधला. डावं फुप्फुस काढणारा सर्जन जिथून शिरतो तिथूनच हा शिरतो. फुप्फुस कसं हाताळायचं, बरगड्या कशा फाकवायच्या, शेवटी नळी टाकून छाती हवाबंद कशी करायची, हे सगळं एकच. ज्याने क्षयावर हात बसवला, त्याला झडपेपर्यंत जायला नवं काही थोडंच शिकायचं होतं.

मग दोन गोष्टी जवळपास एकाच काळात घडल्या आणि हे सामाईक शिक्षण आतून पोकळ व्हायला लागलं. पहिली, पंपवर, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्ण घेऊन उघड्या हृदयावर काम सुरू झालं. त्यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापून शिरण्याचा मार्ग सोयीचा ठरला. हृदयाचा सर्जन आता मधून शिरू लागला, फुप्फुसाचा कुशीतूनच शिरत राहिला. दुसरी गोष्ट औषधांची. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, 1952 मध्ये आयसोनियाझिड आलं. 1956 मध्ये मद्रासमध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की क्षयरोगी घरी राहून औषध घेऊनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो. मदनपल्लीजवळचं आरोग्यवरम, आपल्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी, पुण्यातलं औंधचं उरो रुग्णालय, मुंबईचं शिवडी, अशी जी क्षयाची केंद्रं होती, तिथलं शस्त्रक्रियेचं काम ओसरलं. रुग्णांच्या दृष्टीने याहून चांगली बातमी नव्हती. पण छातीच्या सर्जनची शाळाच बंद पडत गेली.

पदवीचं नाव मात्र तेच राहिलं. आज एम.सीएच. करणारा विद्यार्थी एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एम.एस.ची तीन आणि सुपरस्पेशालिटीची तीन अशी साडेअकरा वर्षं काढतो. बंधपत्राची सेवा निराळी. एवढं करून बहुतेकांच्या हाताला सवय लागते ती बायपास आणि झडपांची. पायातली शीर काढणं, छाती उघडणं, पंप लावणं, यात त्याचे दिवस जातात. फुप्फुसाचा खालचा खण काढण्याची, अन्ननलिकेची, श्वासनलिका जोडण्याची संधी किती मिळेल, हे तो कुठल्या रुग्णालयात आहे यावर ठरतं. फुप्फुसाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचं काम अनेक ठिकाणी कर्करोग-सर्जनकडे गेलं आहे. आणि ही पदवी घ्यायलाच आता विद्यार्थी पुरेसे येत नाहीत. सुपरस्पेशालिटीच्या प्रवेशफेऱ्यांत या शाखेच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. 1977 मध्ये झुरिचला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी मोकळी केली, तेव्हापासून हृदयरोगाचा बराच रुग्ण सर्जनपर्यंत पोचतच नाही, हे एक कारण. तिशी उलटेपर्यंत कमाई नाही, हे दुसरं.

क्षय काही गेलेला नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. औषधांना न जुमानणारा क्षय, जुनाट पोकळीत वाढणारी बुरशी, खोकल्यातून येणारं रक्त आणि छातीत साचून घट्ट झालेला पू, यांवर आजही सर्जन लागतो. पू साचून फुप्फुसावर जाड साल चढते. ती सोलून काढताना भूलतज्ज्ञ फुप्फुसात हळूहळू हवा भरतो आणि महिनोन्‌महिने दबलेलं फुप्फुस डोळ्यांदेखत वर येतं. साल कुठे सोडायची आणि कुठे ओढायची नाही, हे पुस्तकातून कळत नाही. ज्याने वरिष्ठासमोर उभं राहून ते पुरेशा वेळा केलेलं नाही, त्याच्या हातून फुप्फुस फाटतं आणि नळीतून हवा दिवसेंदिवस येत राहते. जिल्ह्याच्या गावी असा रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात फिरतो. नियमाप्रमाणे पदवी असलेला सर्जन असतो, सराव नसतो. या रुग्णांकडे पाहिलं की अभ्यासक्रमाचा प्रश्न कागदी वाटत नाही.

मग दोन्ही शाखा वेगळ्याच कराव्यात काय? असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांचा वैताग मला समजतो. तरी मला ते पटत नाही. कोविडच्या साथीत निकामी झालेल्या फुप्फुसांना विसावा द्यायला एक्मो लागलं, ते म्हणजे गिबन यांच्या यंत्राचाच वारस. नळ्या घालायला अनेक ठिकाणी हृदयाचेच सर्जन उभे राहिले. फुप्फुसारोपणात गरज पडली की पंप लागतो. कर्करोगाची गाठ मोठ्या रक्तवाहिनीला भिडली तर दोन्ही विद्या एकाच टेबलावर हव्यात. आणि लहान शहरात दोन वेगळे सर्जन पोसण्याची ऐपत कुठल्या रुग्णालयाची आहे? अमेरिकेने काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. तिथलं मंडळ 1971 मध्ये स्वतंत्र झालं. 2003 मध्ये जनरल सर्जरीच्या प्रमाणपत्राची अट उठली. पुढे एमडीनंतर थेट सहा वर्षांचा अभ्यासक्रम आला. शिकणारा हृदयाकडे किंवा छातीकडे अधिक कल ठेवू शकतो, पण दोन्हीकडच्या ठरावीक शस्त्रक्रिया हातून झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. आपल्याकडेही राष्ट्रीय परीक्षा मंडळाने एमबीबीएसनंतरचा सहा वर्षांचा मार्ग खुला केलेला आहे. वर्षं सहा असली की वाटून घ्यायला जागा मिळते.

आणि वाटून घ्यायची तर परळइतकी सोयीची जागा देशात दुसरी सापडणं कठीण. केईएममध्ये हृदय. रस्त्यापलीकडे टाटा मेमोरियल, 1941 पासून कर्करोगाचं काम करणारं. तिथे फुप्फुस आणि अन्ननलिका. शेजारी वाडिया, तिथे जन्मजात व्यंगाची बाळं. थोडं पुढे शिवडीचं क्षयरोग रुग्णालय. एका रेसिडेंटने या चौघांत फिरून शिकायचं ठरवलं तर त्याला टॅक्सीसुद्धा लागणार नाही, शिवडीपुरती बस पुरे. अडचण अंतराची नाहीच. टाटा अणुऊर्जा विभागाचं, वाडिया न्यासाचं, प्रत्येकाची आस्थापना वेगळी, विद्यावेतन वेगळं, रात्रपाळीची गरज वेगळी. विभागप्रमुख म्हणतो, माझा रेसिडेंट चार महिने तिकडे गेला तर इकडे आयसीयू कोण सांभाळणार? त्याचं म्हणणं खोटं नाही. दोन रेसिडेंटवर चालणाऱ्या युनिटमधून एक गेला की अर्धं युनिट जातं.

म्हणून सुरुवात जिथे मालक एकच आहे तिथून करावी. केईएम, नायर, सायन आणि शिवडी ही चारही रुग्णालयं मुंबई महापालिकेची. तीन महाविद्यालयांच्या सीव्हीटीएस रेसिडेंटना आळीपाळीने शिवडीत किमान चार महिन्यांची सलग पोस्टिंग द्यावी. ही देवाणघेवाण दोन प्रमुखांच्या ओळखीवर चालू नये, अभ्यासक्रमात लेखी असावी. बदल्यात शिवडीला छातीचा पूर्णवेळ शिक्षक-सर्जन आणि दोन फुप्फुसं वेगवेगळी हाताळू शकणारा भूलतज्ज्ञ मिळावा, कारण शिकवणाऱ्याशिवाय पाठवलेला रेसिडेंट तिथे फक्त ड्रेसिंग करेल. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने लॉगबुकात छातीच्या शस्त्रक्रियांचा किमान आकडा घालून द्यावा. त्यात नुसतं ‘असिस्ट केलं’ धरू नये, स्वतः केलेल्या वेगळ्या मोजाव्यात. तो आकडा भरला नाही तर परीक्षेचा अर्ज स्वीकारू नये. एवढ्यासाठी नवी इमारत लागत नाही. महापालिकेचा एक ठराव, विद्यापीठाचं एक परिपत्रक आणि शिवडीत दोन पदं लागतात. ती पदं आधी भरावीत.