वाइनरीत जाल तर आधी बागेत जा

नाशिकला सुट्टीत येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या यादीत पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर यांच्या जोडीला आता गंगापूर धरणाकडच्या वाइनरीही असतात. राज्य सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, सुलाने २००५ मध्ये आपल्या वाइनरीत टेस्टिंग रूम उघडली आणि हळूहळू दिंडोरी, इगतपुरीपर्यंत ही वाट रुळली. सहलीचा साचाही ठरून गेला आहे. दिवसभरात दोन-तीन वाइनरी, प्रत्येक ठिकाणी चार-पाच वाइनचे घोट, मधे फोटो आणि निघताना दोन बाटल्यांची खरेदी. अशा धावपळीतून वाइन कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात न मिळणारी अशी एकच गोष्ट वाइनरीपाशी असते, ती म्हणजे बाग आणि तिच्याशेजारच्या टाक्या. त्या नीट पाहून मग मोजके चाखले, तरच एवढ्या लांबचा प्रवास सार्थकी लागतो.

याचे पहिले कारण असे की टेस्टिंग रूममधल्या आपल्या जिभेवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. फ्रान्समधील बोर्दो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना त्यांनी पांढरी वाइन वासरहित लाल रंग घालून दिली. विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनला शोभणाऱ्या शब्दांत केले. डोळ्यांनी नाकावर मात केली. पुढे २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी एकच वाइन दोन वेगवेगळ्या किमती सांगून लोकांना दिली. महाग म्हणून दिलेली वाइन लोकांना अधिक आवडली आणि आनंदाशी निगडित असलेला मेंदूचा भागही त्या वेळी अधिक सक्रिय झालेला दिसला. म्हणजे लोक खोटे बोलत नव्हते, त्यांना ती खरोखरच अधिक चांगली लागत होती. आता टेस्टिंग रूम डोळ्यांसमोर आणा. समोर धरणाचे पाणी, सोबत मित्रमंडळी, हातात नाजूक काचेचा ग्लास, आणि ‘ही आमची खास रिझर्व्ह’ असे अदबीने सांगणारा कर्मचारी. तो फसवत नसतो, आपले काम करत असतो. पण त्याचे वाक्य आधी कानावर पडले की घोटाची चव निम्मी ठरून जाते. म्हणून साधा उपाय असा, की वर्णन ऐकण्याआधी वास घ्या, घोट घ्या, आपल्याला काय वाटले ते मनाशी पक्के करा आणि मगच किंमत व माहिती विचारा.

यावर कोणी म्हणेल, मग हे सगळे मनाचेच खेळ. वाइनच्या वासांची ती लांबलचक वर्णने म्हणजे नुसती बतावणी. हा निष्कर्ष मला मान्य नाही. शिराझ वाइनमध्ये मिरीचा वास येतो असे जाणकार म्हणतात, त्याला रासायनिक आधार आहे. रोटुंडोन नावाचे द्रव्य काळ्या मिरीत असते आणि तेच शिराझच्या द्राक्षातही सापडते. सोव्हिन्यों ब्लांमध्ये कच्च्या ढोबळी मिरचीची आठवण करून देणारा जो हिरवट वास येतो, तो देणारी द्रव्येही दोन्हींत समान आहेत. वास खरे असतात, मात्र ते उसन्या शब्दांत पकडायला गेलो की निसटतात. बाटलीवर गूजबेरी आणि ब्लॅककरंट लिहिलेले असते. ती फळे आपल्यातल्या बहुतेकांनी खाल्लेलीच नसतात. पेरू, जांभूळ, करवंद, लवंग, ओली माती असे आपल्या नाकाच्या ओळखीचे शब्द बिनदिक्कत वापरावेत. तुरट म्हणजे काय हे तर सुपारी आणि आवळा खाणाऱ्या माणसाला कोणी शिकवायला नको.

हा तुरटपणा कुठून येतो, हे मात्र बागेतच कळते. परवानगी घेऊन लाल वाइनच्या द्राक्षाचा एक मणी तोंडात टाका. आपल्या खाण्याच्या थॉमसनपेक्षा तो लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो. पिळून पाहिला तर रस जवळजवळ रंगहीन निघतो. साल आणि बी चावली की जीभ कोरडी पडून टाळ्याला चिकटू लागते. रंग आणि तुरटपणा या दोन्ही गोष्टी साली-बियांत असतात, म्हणून लाल वाइन साली-बियांसकट आंबवतात आणि पांढऱ्या वाइनसाठी आधी रस काढून घेऊन तो गार टाकीत सावकाश आंबवतात. पुस्तकाचे एक प्रकरण त्या एका मण्यात कळून जाते. वेलीकडेही पाहावे. युरोपात थंडीत वेल झोपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्ष तोडतात. नाशिकच्या हवेत वेलाला झोपच लागत नाही, म्हणून बागायतदार त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पावसाळा ओसरताना गोडी छाटणी, आणि पीक मात्र एकच, जानेवारी ते मार्चमध्ये. घड पिकू लागतो तेव्हा रात्री थंड असतात. पुढे मार्चमध्ये ऊन तापले की गोडी झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. तोडणी केव्हा करायची हा निर्णय त्यामुळे फार नाजूक असतो. वाइनरीतल्या माणसाला विचारण्यासारखा सर्वांत चांगला प्रश्न हाच आहे: यंदा तोड कोणत्या आठवड्यात झाली आणि का? त्याचे उत्तर ऐकून मग शेनिन ब्लांचा घोट घेतला, तर तिच्यातला आंबटपणा अंगावर येत नाही, त्याचा अर्थ लागतो.

चाखणे थोडेच का असावे, याचा हिशेबही सोपा आहे. एका वेळी ३० मिलिलिटर धरले तर पाच वाइन मिळून १५० मिलिलिटर होतात, म्हणजे भरलेला एक ग्लास. त्यात सुमारे १४ ते १५ ग्रॅम अल्कोहोल असते. वाहन चालवताना रक्तात अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याचा पुरुष हे पाचही ग्लास लागोपाठ संपवून त्या मर्यादेपाशी पोहोचू शकतो, कमी वजनाची स्त्री ती ओलांडूही शकते; आणि ही झाली पहिलीच वाइनरी. चाखणे ज्यांचा व्यवसाय आहे ते घोट तोंडात फिरवून थुंकतात, त्याचसाठी टेबलावर भांडे ठेवलेले असते. आपल्याकडे चारचौघांत थुंकणे असभ्य वाटते आणि पैसे मोजून घेतलेले टाकायचे कसे, हेही मनात येते. दोन्ही भावना समजण्यासारख्या आहेत. पण आपण पैसे मोजतो ते चार वाइन शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याच्या संधीसाठी. तिसऱ्या-चौथ्या घोटानंतर जीभ आणि डोके दोन्ही सैल झाले, तर ती संधीच वाया जाते. थुंकायचे नसेल तर ग्लासातली उरलेली वाइन भांड्यात ओतावी. कोणी वाईट मानत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे: सहलीच्या नावाखाली ही दारूचीच भलामण नव्हे का? २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाला जो विरोध झाला, त्यामागे दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांचा अनुभव होता. त्याला जुनाट विचार म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. वाइन हृदयाला चांगली, हा युक्तिवादही आता टिकत नाही. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. ‘शेतकऱ्याचे भले’ ही ढालही बेताने वापरावी, कारण महाराष्ट्रातल्या द्राक्षांचा फार थोडा वाटा वाइनकडे जातो, बाकीची खाण्यासाठी, निर्यातीसाठी आणि बेदाण्यासाठी जातात. हे सगळे मान्य करूनच मी बागेचा आग्रह धरतो. पिण्याभोवती रचलेली सहल या आक्षेपाला उत्तर देऊ शकत नाही. शेती आणि तिच्यातले कसब पाहण्यासाठी केलेली सहल देऊ शकते, कारण तिच्यात एक थेंबही न घेणारा माणूस तितकाच शिकून परततो.

तेव्हा नाशिकला जाणार असाल तर जानेवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, शनिवार-रविवार टाळून जा. एकच वाइनरी निवडा, बागेत आणि टाक्यांपाशी नेतात का हे फोनवर आधी विचारून घ्या, पोटभर जेवून जा, आणि न पिता गाडी कोण चालवणार हे घरून निघतानाच ठरवा.