बंदरातला पब आणि कॅनडाहून आलेले बंबवाले

दुसरं महायुद्ध शिकवताना आपण हिटलर, चर्चिल, हिरोशिमा एवढं सांगून पुढे सरकतो. आज जरा इंग्लंडच्या एखाद्या बंदरातल्या पबमध्ये डोकावू या. पब म्हटलं की पालकांच्या भुवया उंचावतात, हे मला ठाऊक आहे! पण हा शब्द 'पब्लिक हाऊस'चं छोटं रूप. मुलांना सांगताना मी 'तिथली चावडी' असं सांगते. पुढचं सगळं त्यांना आपोआप कळतं.

१९४० आणि १९४१ मध्ये जर्मन विमानांनी साउथॅम्प्टन, पोर्ट्समथ, प्लिमथ, ब्रिस्टल ही शहरं भाजून काढली. आगी विझवायला माणसं अपुरी पडली. मग १९४२ मध्ये कॅनडा सरकारने नागरी अग्निशामकांचं एक दल उभारलं. चारशेहून थोडे जास्त स्वयंसेवक समुद्र ओलांडून आले आणि याच चार शहरांत कामाला लागले.

गंमत अशी, की ते पोहोचेपर्यंत सर्वांत भीषण हल्ले होऊन गेले होते. हल्ले थांबले नव्हते, पण रोजचे राहिले नव्हते. म्हणजे काम काय? सराव करायचा, बंब आणि पाइप तयार ठेवायचे, आणि वाट बघायची. पाळी संपली की जायचं कुठे? घर तर हजारो मैल दूर. मग जवळचा पब.

दाराला जाड पडदा, कारण उजेडाची तिरीपही बाहेर जाता कामा नये. बिअरवर रेशन नव्हतं, पण ती पातळ झाली होती आणि करामुळे महाग. ग्लासांचा इतका तुटवडा, की काही ठिकाणी गिऱ्हाईक घरूनच भांडं आणायचं. ओंटारियोसारख्या प्रांतातून आलेल्यांना तर हे वेगळंच जग. तिकडे बिअर पिण्याच्या खोल्याही पुरुषांच्या वेगळ्या, स्त्रियांच्या वेगळ्या. इथे मात्र गोदीतला कामगार, शेजारची आजी आणि डार्ट्स खेळणारे, सगळे एका छताखाली. ज्यांची घरं जळाली होती त्यांच्याच शेजारी बसून हे लोक गप्पा मारत. कुठल्या गल्लीत पाणी मिळालं नाही, हे जुन्या रहिवाशाइतकं कोण सांगणार?

गणवेश होता, पण ते सैनिक नव्हते. या दलातले तिघं सेवेत असताना वारले, तरी युद्ध संपल्यावर सैनिकांना मिळालेल्या सवलती या दलाला तशाच मिळाल्या नाहीत. माजी सैनिकांच्या बरोबरीचा हक्क कॅनडाने कायद्याने दिला तो २००० साली. १९४२ मध्ये तीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा किती वर्षांचा होता, ही वजाबाकी वर्गात मुलांनाच करू द्या.